आधी देव दाखव

मापाच्या काकू घरात शिरल्या की चपला काढता काढताच विचारायच्या, "कुठाय तो?" 'तो' म्हणजे आमचे हे नव्हेत, आमचा बाळकृष्ण. बसा म्हणा, पाणी घ्या म्हणा, काही उपयोग नाही. त्या थेट मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुणार, देव्हाऱ्यासमोर मांडी घालणार आणि त्या तीन बोटं उंचीच्या पितळी पोराला सांगणार, "हात लावते हं." मग जरा थांबायच्या. त्याची परवानगी मिळाली असं त्यांना वाटलं की पिशवीतून दोरा निघायचा. आम्हाला "कशी आहेस गं?" हे सगळं आटोपल्यावर.

मी लग्न होऊन डोंबिवलीत आलेले तेव्हा त्या आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायच्या. आडनाव होतं की त्यांना, पण ते फक्त लाइटच्या बिलावर. बाकी सगळ्यांच्या त्या मापाच्या काकू. काका एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होते. त्यांचे तळहात कधी जांभळे, कधी हिरवे; कितीही साबण लावला तरी जात नसत. देवाच्या कापडाला तो हात लागू नये म्हणून काकू त्यांना चहासुद्धा लांब खिडकीत बसवून द्यायच्या. काका बिचारे मुकाट्याने प्यायचे.

काकू शिवायच्या ते फक्त देवांचं. बाळकृष्णाला अंगडं-टोपडं, अन्नपूर्णेला शेला, कुणाच्या दत्ताला छाटी. पूर्वी ब्लाउजही शिवत असत म्हणे, पण ते केव्हाच सोडलं होतं. मी एकदा का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "माणसं फार बोलतात गं. इथे आवळ कर, तिथे सैल कर, शेजारणीला शिवलंस तसं मला नाही शिवलंस. देव बरा." आणि लगेच सुई माझ्याकडे रोखून, "पण तो बोलत नाही म्हणून काय वाटेल ते अंगावर चढवायचं त्याच्या?"

माझा बाळकृष्ण माहेरचा. आमच्याकडे मुलीला लग्नात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देतात, तसा आईने दिलेला. एक गुडघा टेकलेला, एक उचललेला, डावा हात जमिनीवर, उजवा वर आणि त्यात लोण्याचा गोळा. आता असल्या देवाला बाहीत हात कसा घालायचा? डावा हात खालच्या पाटाला चिकटून ओतलेला आणि उजव्या हातातला गोळा बाहीतून जाईना. मी पहिल्या गोकुळाष्टमीला हौसेने बाजारातून झबलं आणलं आणि अर्धा तास झटापट करून शेवटी देवाला ते शालीसारखं गुंडाळलं. शेजारणीने ते ध्यान बघितलं आणि माझा हात धरून मला काकूंच्या दारात नेऊन उभी केली.

"आधी देव दाखव," काकू म्हणाल्या. "मग कापडाचं बोलू."

मी परत घरी गेले, देवाला स्टीलच्या डब्यात घातलं, डबा पर्समध्ये घातला आणि आले. काकूंनी डबा उघडला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "डब्यात? भाजी आहे का ती, मधल्या सुट्टीतली?" मग देवाला बाहेर काढून, पदराने पुसत, त्यालाच म्हणाल्या, "घुसमटलास का रे? नवीन आहे ती. शिकेल." आणि मला पुढचा धडा: देवाला घराबाहेर न्यायचं तर खणात गुंडाळून न्यायचं, तोंड उघडं ठेवायचं, आणि तो परत येईपर्यंत त्याच्या जागेवर सुपारी ठेवायची. देव्हारा रिकामा ठेवायचा नाही. मी सुपारी ठेवली नव्हती हे मी त्यांना सांगितलं नाही. घरी पळत जाऊन ठेवून आले.

काकूंकडे टेप नव्हती असं नाही, पण ती त्यांच्या मते माणसांसाठी. देवाचं माप दोऱ्याने. पांढरा सुती दोरा गळ्याभोवती फिरवायचा, जिथे भेटला तिथे गाठ. मग छाती, तिथे दुसरी गाठ. पाठ, बगल, उचललेला हात, अशा पाच-सहा गाठी. मग त्या दोऱ्याला कागदाची चिठ्ठी, तिच्यावर देवाचं नाही, बाईचं नाव. 'नंदा – बाळकृष्ण.' खिडकीशेजारच्या खिळ्याला असे कितीतरी दोरे लोंबत असायचे. कापड निवडलं की आधी ते स्वतःच्या गालावर फिरवायचं. त्यातली जरी टोचली तर कितीही सुंदर असो, बाद. काकूंनी शिवलेलं अंगडं मागून उघडं असायचं, बगलेखाली बांधायचे बंद, बाही खांद्यावरच उकललेली. घालताना देवाला हलवायलासुद्धा लागायचं नाही. आणि बसायचं असं, की तो आत्ता उठून रांगत स्वयंपाकघरात जाईल असं वाटावं. मी पहिल्यांदा घातलं तेव्हा खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं. आईने दिलेला देव त्या दिवशी माझ्या घरचा झाला.

एकदा आम्ही दोघी ठाण्याला बाजारात गेलेलो. एका पूजेच्या दुकानात देवांचे कपडे नंबराने टांगलेले: दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर. काकूंनी एक मखमली ड्रेस खाली काढायला लावला, आतून उलटा केला आणि दुकानदाराला विचारलं, "हे कुणाचं?"

"लड्डू गोपालचं, आजी. चार नंबर. सगळे हेच नेतात."

"हे देवाचं नाही, बाटलीचं कव्हर आहे," काकू म्हणाल्या. "नंबर चपलेला असतो. देवाला अंग असतं."

दुकानदार हसला. मीही हसले. त्या नाही हसल्या. त्या ड्रेसची आतली शिवण बोटाने चाचपत म्हणाल्या, "बघ, सगळा धागा आत उघडा टाकलाय. दिवसभर खाजेल लेकराला."

दरवर्षी अष्टमीच्या आधी पंधरा दिवस काकू नवं माप घ्यायला हजर. मी म्हणायचे, अहो, पितळेचा देव, तो काय वाढतोय का? "वाढत नाही, झिजतो," त्या म्हणायच्या. "तू रोज चिंच लावून घासतेस ना? केसाइतका का होईना, जातोच. नाक बघ त्याचं, पहिल्या वर्षी केवढं होतं!" आमचे हे मुद्दाम खोडी काढायचे, "काकू, खरं सांगा, देव झिजतो म्हणून येता की हिच्या हातच्या चहासाठी?" काकू दोऱ्याला गाठ मारत शांतपणे म्हणायच्या, "दोन्हीसाठी." आणि खरंच, चहा पिताना त्या बशीतून एक एक घोट घेत घरातलं सगळं विचारून घ्यायच्या. सासूबाईंचे गुडघे, यांची बदली, माझं ब्लडप्रेशर. माप देवाचं घ्यायच्या, पण त्या निमित्ताने घरातल्या प्रत्येकाचं अंग कुठे आवळलंय नि कुठे सैल पडलंय हे त्यांना कळायचं. हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तर कदाचित पुढचं सगळं मी तसं केलं नसतं.

आमची सायली सहा-सात वर्षांची असताना अशीच एकदा त्यांच्यासमोर आपली बाहुली घेऊन बसली. "हिचं पण माप घ्या." मी रागावले, पण काकूंनी हात धुतले, बाहुलीला "हात लावते हं" म्हणाल्या आणि चोख सहा गाठी मारल्या. सायली खूश. म्हणाली, "आजी, माझ्या लग्नात माझा बाळकृष्ण असेल ना, त्याला पण तूच शिव."

"शिवीन की. फक्त तुझ्या आईला सांग, आधी देव दाखवायचा."

"दाखवेन हो, काकू," मी हसत म्हटलं. "शब्द देते."

पोरीचं लग्न तेव्हा कुठे होतं! असले शब्द आपण देऊन टाकतो.

मग आम्ही ठाण्यात बाळकुमला राहायला आलो, तेविसाव्या मजल्यावर. काका गेले, आणि काकू मुलाकडे, विनायककडे, विठ्ठलवाडीला गेल्या. तिथूनही दोन-तीन वर्षं त्या माप घ्यायला आल्या. खाली वॉचमनने रजिस्टरमध्ये 'कामासाठी' असं लिहायला लावलं की चिडायच्या. "काम कसलं? भेटायला आलेय, लिही," म्हणायच्या. पण डोळे अधू होत चालले होते. शेवटचं अंगडं आलं त्यात एक बंद आखूड होता आणि कडेचा गोट एका बाजूला तिरका गेलेला. मी मात्र छानच झालंय म्हटलं. आणि पुढच्या वर्षी त्यांचा फोन आला, "कधी येऊ?" तर म्हटलं, "काकू, एवढ्या लांब कुठे दगदग करता? यंदा जुनंच घालते."

जुनं कसलं! चार नंबरचा मखमली ड्रेस आणला, मोरपीस-बिरपीस लावलेला. तो मागून एवढा ढगळ की एक सेफ्टी पिन लावून आवळला. समोरून काय झोकात दिसत होता म्हणता! मी फोटो काढून जुन्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. कुणी अंगठे दाखवले, कुणी हात जोडले. त्या ग्रुपवर विनायकची बायको आहे, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "फोटो बघितला. गोड दिसतोय." मग, "मागून पिन लावलीस का गं?"

"छे, पिन कशाला?"

"बरं, बरं. फोटोत मला उगीच तसं वाटलं. खांद्याशी ओढल्यासारखा दिसला."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. फोन ठेवल्याबरोबर मी जाऊन पिन काढली. ड्रेस गळून खाली आला. देव उघडा, हातात लोणी धरून, माझ्याकडे बघत. मी परत पिन लावली.

सायलीचं लग्न ठरलं. नवा बाळकृष्ण आणला, नवी अन्नपूर्णा आणली. रुखवत सजवून देणारी एक मुलगी होती, तिने दोघांना जांभळ्या मखमलीत, टिकल्या-मोत्यांसकट, असं काही नटवलं की सगळ्यांनी वा वा केली. काकूंचं मला आठवत नव्हतं का? आठवत होतं. चांगलं आठवत होतं. पण मनात म्हटलं, त्यांना दिसत नाही, गोट तिरका जाईल, व्याह्यांच्या माणसांसमोर गौरीहरावर तो देव बसणार, काय म्हणतील. हे मी आज लिहितेय तेव्हा मला माझीच लाज वाटतेय.

पत्रिका द्यायला मात्र मी स्वतः विठ्ठलवाडीला गेले. येणार हे फोन करून सांगितलेलं. विनायकने दार उघडलं. काकू पलंगावर बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत ओले. मांडीवर पिवळं रेशमी कापड, त्यांच्याच कुठल्यातरी जुन्या पैठणीचं असावं, मऊसूत. आणि बोटाला गुंडाळलेला कोरा दोरा. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तोंड उजळलं त्यांचं.

"आलीस? कुठाय तो?"

माझ्या हातात पत्रिका आणि पेढ्यांचा पुडा. मी काय सांगणार होते? म्हटलं, "काकू, आज इथूनच पुढे सगळीकडे जायचं होतं, म्हणून नाही आणला. पुढच्या आठवड्यात आणते."

"आण हं. मला आता वेळ लागतो शिवायला." त्यांनी ओले हात पदराला पुसले. "किती बोटं आहे?"

"असेल चार."

"असेल?" त्या म्हणाल्या. दोरा बोटावरून सोडवून उशीखाली ठेवला. मला चहा पाजला, यांची शुगर विचारली, व्याह्यांकडची माणसं कशी आहेत विचारलं. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या भिंतीला धरून.

पुढचा आठवडा आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. लग्नघरात वेळ नसतो, असं म्हणायची सोय असते.

लग्नाच्या दिवशी विनायक त्यांना रिक्षातून कल्याणच्या हॉलवर घेऊन आला. सायली खोलीत गौरीहरापाशी बसलेली, पिवळी साडी, हातात तांदूळ. काकू तिच्याशेजारी टेकल्या. समोर तो जांभळ्या मखमलीतला देव. काकू पुढे वाकल्या, अगदी नाक लागेल इतक्या जवळून बघितलं. मी दारात उभी. त्यांनी नेहमीच्या सवयीने हात उचलला आणि मागे घेतला. "नको, पूजेत बसलाय तो," स्वतःशीच म्हणाल्या. सायलीने त्यांचा हात धरला. पोरीच्या चेहऱ्यावरून मला कळलं, तिलाही तो शब्द आठवत होता. तिने मला दोनदा विचारलंही होतं की, आई, आजीकडे गेलीस का. आणि मी दोनदा म्हटलं होतं, बघते.

जाताना काकूंनी मला बाजूला बोलावून खणात गुंडाळलेली पुडी दिली. "चार बोटं म्हणालीस, त्या अंदाजाने कापलंय. आयुष्यात पहिल्यांदा देव न बघता कात्री लावली बाई मी." बोलताना हसल्या. "पण बाजू पक्क्या नाही केल्या. नुसता धावदोरा घालून ठेवलाय. देव आणलास की माप घेऊन पक्क्या करते. तोवर घालू नका, उसवेल."

एवढं झाल्यावरही त्या मला अजून एक संधी देत होत्या. "नक्की आणते, काकू," मी म्हटलं. या वेळी खरंच मनापासून म्हटलं होतं.

सायलीचं सासर कल्याणला. तिथून विठ्ठलवाडी रिक्षाने पंधरा मिनिटं. एवढ्या जवळ असून ते भिजत घोंगडं पाच महिने राहिलं. कधी तिला सुट्टी नाही, कधी मला बरं नाही, कधी पाहुणे. "तू एकटी जाऊन ये ना," मी म्हणायचे. "तू पण हवीस ना," ती म्हणायची. पुडी माझ्या कपाटात, तिच्याकडे देव मखमलीत. अष्टमी आठ दिवसांवर आली तेव्हा आमचं एकदाचं ठरलं: रविवारी जायचं. शुक्रवारी विनायकचा फोन आला.

"आई गेली. झोपेतच." मग म्हणाला, "परवाच विचारत होती, नंदाचा फोन आला का म्हणून."

रविवारी आम्ही गेलो, ठरल्याप्रमाणे. फक्त देव नेला नाही, कारण सुतकाच्या घरी देव नेत नाहीत.

तेरावं झाल्यावर विनायक बाळकुमला आला. त्याने एक पाकीट दिलं. आत दोन दोरे. एक माझा, 'नंदा – बाळकृष्ण', मळलेला, गाठींवर गाठी मारलेला, दरवर्षीची गाठ जुनीच्या जरा आत. म्हणजे देव झिजतो हे खरंच होतं. आणि दुसरा पांढरा स्वच्छ, एकही गाठ नसलेला. चिठ्ठीवर मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात, 'सायली – बाळकृष्ण.'

त्या रात्री यांच्यासमोर मी खूप रडले. ते म्हणाले, "अगं, म्हातारं माणूस, वय झालेलं होतं." वय झालं होतं म्हणून नाही हो रडत, म्हटलं.

सायली गेल्या महिन्यात देव घेऊन आली. खणात गुंडाळून, तोंड उघडं ठेवून. "घरी सुपारी ठेवून आलेय," मी विचारायच्या आधीच म्हणाली. आम्ही पुडी उघडली. पिवळं अंगडं, लाल गोट, आणि बाजूंना लांब लांब टाक्यांचा पांढरा धावदोरा. गोट सरळ होता. एका रेषेत, सुईच्या टोकाएवढाही तिरका नाही. दिसत नसताना किती दिवस बसल्या असतील त्या यावर, देव जाणे.

देवाला घालून बघितलं. ढगळ झालं. खांद्यावरून घसरत होतं. सायलीने बोटं लावून देव मोजला. साडेतीन. अर्धं बोट मी जास्त सांगितलेलं. काकूंनी चार बोटांना चोख शिवलं होतं; त्यांचं काहीही चुकलं नव्हतं.

"आई, बाजू आत घेऊन पक्क्या कर ना तू," सायली म्हणाली.

"मला कुठे येतं? बघू, पुढच्या आठवड्यात..."

सायली माझ्याकडे बघत राहिली.

मी उठले. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. तोवर सायलीने त्याला उन्हात खिडकीशी नेऊन बसवलं होतं. बाहेर येऊन मी विचारलं, "कुठाय तो?" हे शब्द माझ्या तोंडून कसे आले मला ठाऊक नाही. पोर हसता हसता रडायला लागली.

कोऱ्या दोऱ्याला सहा गाठी मारल्या. धावदोरा उसवला, कापड आत घेतलं, पक्के टाके घातले. संध्याकाळ झाली. आता अंगडं बसतं, पिन लागत नाही. पण डाव्या बाजूची शिवण वाकडी गेलीय, बगलेशी चुणी पडते. काकू असत्या तर गालाला लावून बघितलं असतं आणि म्हणाल्या असत्या, "उसव हे सगळं, परत घाल." मी ती तशीच ठेवलीय. उसवायला सांगणारं आता कुणी उरलं नाही.